भरल्या नावेची मोटर

"रिकामी असली का हरणावानी पयते," नत्थुजी म्हणाला. "ओझं आलं का मधातच मरते."

वाहेद मिस्त्री नावेच्या मागच्या फळीशी उकिडवा बसला होता. मोटरीचा प्लग त्याने काचकागदाने घासला आणि उन्हाकडे धरून पाहिला. "प्लग तं मस्त हाय. मधात म्हंजे कुठं?"

"धारेत. आखूड बांबू पुरत नाही तिथं."

वाहेद अकोल्याला कापसाच्या एका जिनात इंजिनावर होता. घाटाचे ठेकेदार खुशालराव यांनी त्याला बोलावून घेतले होते. मोटर लहानशीच, नावेच्या मागे अडकवायची, दोरी ओढून सुरू करायची. बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून खुशालरावांनी ती विकत घेतली, तेव्हा पूर्णा नदीच्या काठावर लोक नुसते बघायला जमत. नत्थुजीने उभी हयात बांबूने नाव रेटली होती. मोटर आली आणि त्याने लांब बांबू घराच्या आढ्याला बांधून टाकले.

खंडेनवमीनंतर थोड्याच दिवसांनी त्याची बायको कौशल्या पोटाच्या कळांनी लोळू लागली. अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचे तर माणसे नेणारी सर्विसची लारी नदीपलीकडून सुटे. त्या दिवशी पलीकडे बाजार होता. काठावर माणसे खोळंबलेली. नत्थुजीने कोणाला नाही म्हटले नाही. नाव भरून धारेत गेली आणि मोटर खोकून बंद पडली. बांबू घरी आढ्याला. नाव वाहत जाऊन खालच्या बाभळींत अडकली. पलीकडे लारीचा धुरळा उठला, बसला. दुसऱ्या दिवशीच्या लारीपर्यंत कौशल्या राहिली नाही.

बाजाराची माणसे भरली म्हणून बायको गेली, असे गाव म्हणत होते. नत्थुजी स्वतःला तेच म्हणत होता. पण ते खरे की खोटे, हे जाणत्या माणसाच्या तोंडून एकदा ऐकल्यावाचून त्याला झोप येणार नव्हती.

"मिस्तरी, एकच सांगा. माहं ओझंच जास्त झालं व्हतं का?"

"पाहू तं द्या, नत्थुभाऊ. आतापासूनच फाशी काहून घेऊन राह्यले?"

नत्थुजीची मुलगी सत्यवती चहा घेऊन आली. दसऱ्यासाठी माहेरी आली ती आईच्या दिवसांपायी राहिली होती.

"चाचा, चहा खारा लागन. आमच्या इकडच्या विहिरीच तशा."

वाहेदने घोट घेतला. "पानी खारं हाय व्हय? मले वाटलं, पोरगी सासरचा राग माह्यावर काढून राह्यली."

ती हसली आणि लगेच पदर तोंडाशी धरला. आई गेल्यापासून ती हसली नव्हती. कप गोळा करण्याच्या निमित्ताने ती काठावरच थांबली.

वाहेदने पंखा पाहिला, शेवाळ नव्हते. पेट्रोलची नळी काढून फुंकली, मोकळी होती. काठाशी बांधलेल्या नावेवर मोटर सुरू केली, तर ती सुरेख चालली.

"असं नाही कळनार. रेतीची पोती भरा. बाजाराच्या दिवशी भरली व्हती तेवढीच भरा. अन् लांब बांबू घ्या संगं."

भरलेली नाव धारेत गेली. मोटर फुरफुरली, आवाज बसला, बंद पडली. नत्थुजीने बांबू रोवून नाव कशीबशी धरली. पेट्रोल संपले की काय, हे पाहायला वाहेदने टाकीचे झाकण फिरवले. सूं करून आत हवा शिरली.

वाहेदचा हात थांबला. त्याने झाकण पुन्हा घट्ट लावले आणि दोरी ओढली. मोटर एका झटक्यात सुरू झाली. थोडी चालून परत मेली. या वेळी त्याने झाकण अर्धा आटा सैल ठेवले. मग तीच मोटर, तेवढीच पोती घेऊन, एकदाही न खोकता पैलतीराला लागली.

वाहेदने झाकण काढून तळहातावर घेतले. पितळेच्या त्या झाकणावर मधोमध शेंदराचा जाड टिळा होता. वाळून टणक झालेला.

"हे कोनं लावलं?"

"सत्यीनं. खंडेनवमीले औजारं पुजतो न आपन. तिनं जवसाच्या तेलात शेंदूर खलला." नत्थुजीच्या आवाजात अजून कौतुक होते. "म्हने, बा, कुंकू पान्यानं धुऊन जाते, हे राहीन."

वाहेदने झाकण उलटे करून पाहिले. मग म्हणाला, "याच्याखाली बारीक छेद हाय, नत्थुभाऊ. घासलेटच्या डब्याले दोन भोकं काहून पाडता? एकातून घासलेट याले, दुसऱ्यातून हवा जाले. तसंच हे. रिकाम्या नावेत इंजिन घोट घोट पेते. आट्याच्या फटीतून येते तेवढी हवा पुरते. ओझं असलं का घटाघटा पेते. मंग हवा पुरत नाही, पेट्रोल उतरत नाही." त्याने टिळ्यावर नख मारून पाहिले. "जिनात वाफेच्या नळ्यांचे सांधे आमी याच मसाल्यानं बंद करतो. शेंदूर अन् जवसाचं तेल. लोखंडावानी धरते."

"म्हंजे माहं ओझं नोहतं?"

"नोहतं, भाऊ."

नत्थुजीला हेच ऐकायचे होते. त्याने मान हलवली. मग त्याची नजर ऐलतीरावर गेली. सत्यवती तिथे कप घेऊन उभी होती. काय निघाले ते विचारायला हात हलवत होती.

"मिस्तरी, हे कोनाले सांगू नका."

"खुशालराव इचारतीन."

"सांगा, नत्थ्यानं ओझं जास्त भरलं. गाव तेच म्हनून राह्यलं."

"भाऊ, तुमचा काही कसूर नाही अन्—"

"पोरीची माय गेली. आता ते तिच्या बोटानं गेली, हे बापानं कसं सांगावं तिले?"

वाहेदने पिशवीतून तार काढली.

"सारा खरवडू नका," नत्थुजी म्हणाला.

वाहेदने छेदापुरताच शेंदूर टोकरला. भोवतीचा टिळा तसाच राहिला. त्याच्या एका कडेला बोटाच्या रेषा उमटलेल्या होत्या.

नाव परतली तेव्हा सत्यवती पाण्यात उतरून पुढे आली. "काय निघालं, बा?"

वाहेद खाली वाकून हत्यारे भरू लागला.

"ओझं, बाई. म्याच जास्त भरलं व्हतं."

ती बापाकडे बघत राहिली. "मी म्हनलं व्हतं तुले. त्या मानसाईले उतरव म्हनलं व्हतं. माय तडफडून राह्यली, अन् तू लोकाईले जागा करून देत व्हता."

"हो," नत्थुजी म्हणाला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी जावई तिला न्यायला आला. नाव बाजारकऱ्यांनी भरली होती. निघण्याआधी सत्यवती पदराखालची शेंदराची वाटी घेऊन मागे आली. बापाशी ती बोलत नव्हती. पण मोटरीची पूजा केल्याशिवाय नाव सोडू देणार नव्हती. तिने बोट बुडवून झाकणाकडे नेले.

नत्थुजीने झाकणावर पंजा ठेवला. "नको. तिथं नको लावू."

"काहून?"

त्याने दुसऱ्या हाताने दोरी धरली.

तिने बोट हळूच मागे घेतले आणि नदीच्या पाण्यात धुतले. मग ती नवऱ्याजवळ जाऊन पैलतीराकडे तोंड करून बसली.

मोटर सुरू झाली. नाव धारेत शिरली, धारेतून बाहेर पडली. मोटर कुठेही अडली नाही. नत्थुजीचा पंजा तसाच झाकणावर होता. बोटे थोडी वर धरलेली, छेदावर येणार नाहीत एवढी. आणि पुढे त्या माणसांमध्ये सत्यवतीची पाठ होती, काठ येईपर्यंत.