इंधनबाबांचं पिंप

पिंपाच्या तोटीतून इंधन ठिबकायला लागलं आणि मैदानात एकच गलका झाला. बाबांच्या चेल्याने ते मोटारसायकलच्या टाकीत ओतलं, किक मारली आणि गाडी धडधडली! मग काय विचारता, लोक पिंपाच्याच पाया पडायला लागले.

इंधनबाबा मोठे शिस्तीचे. भक्ताने पेंढ्याचं पोतं घरूनच शिवून आणायचं आणि न उघडता पिंपात टाकायचं. "नजर पडली की पेंढ्यातलं तेज उडतं, बाळांनो!" पाच मिनिटं पुटपुट, की तोटी वाहू लागे. घरचा बाकी पेंढा मात्र बाबांच्या ट्रकमध्ये चढवायचा. त्याचं म्हणे महिनाभराने इंधनच इंधन!

गर्दीतल्या पाववालीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या थोरल्या भावाने बारा गाईंचा वर्षभराचा पेंढा ट्रॅक्टरवर लादून आणला होता.

"दादा, गाई काय खातील? बाबांचे आशीर्वाद?"

"तू आपले पाव भाज, तायडे. तुला काय कळतंय यातलं?"

यातलंच तर तिला कळत होतं. कालच्या खेळातही तोटीला वास स्पिरिटचाच होता, आणि आंबवल्याशिवाय स्पिरिट होत नाही. वीस वर्षं ती पीठ फुगवत आली होती. खमीर कुणाच्या बापाचं ऐकत नाही; त्याला गोड लागतं, ऊब लागते, वेळ लागतो. पाच मिनिटांत पीठ बोटभर फुगत नाही, आणि इथे म्हणे पेंढा विरघळला! ना फेस, ना आंबूस वास.

दादाचं पोतं पिंपात गेलं. बाबांनी डोळे मिटले, हात थरथरवले. तोटी वाहिली.

"अहाहा! काय सात्त्विक पेंढा!" बाबा गहिवरले.

"मग बघूया तरी," म्हणत पाववाली पुढे झाली आणि तिने पोतं बाहेर ओढलं. ते कोरडं ठणठणीत होतं.

"पाप लागेल, बाई!"

"लागू दे की!" तिने पाव कापायच्या सुरीने शिवण उसवली. आतून तिचा जुना एप्रन निघाला, आणि त्यात गुंडाळलेले पावाचे मोडके पत्र्याचे साचे खणखणत जमिनीवर पडले. सकाळी तिनेच पोतं बदललं होतं. "बाबा, पत्र्याचंही इंधन होतं वाटतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. दादाला मात्र हसू आलं नाही. त्याने पिंप आडवं पाडलं, तळाला लाथ घातली. खोटा तळ निखळला आणि खालच्या टाकीतलं विकतचं स्पिरिट भळाभळा सांडलं. बाबांचं तेज तेवढ्यात ट्रककडे पळालं!

"पेंढ्याचं इंधन होतं, खोटं नाही ते," पाववाली लोकांना म्हणाली. "पण पेंढा बारीक करा, वाफवा, त्यातली साखर सुटी करा, दिवसचे दिवस आंबवा, मग वाफ धरून गार करा. हे कारखान्यात होतं, आणि तिथे प्रत्येक टाकीत डोकावता येतं. बघू नका म्हणणाऱ्याला काडीसुद्धा देऊ नका."

दादाने ट्रॅक्टर गोठ्याकडे वळवला. "आधी सांगायचंस ना, तायडे!"

"सांगितलं तर म्हणालास, पाव भाज. आता डोळ्यांनी बघितलंस ना? असाच बघत जा, दादा. मुक्या गाईंना काही पोतं उघडता येत नाही."