ओल्या चुन्यावरची जिवन

"नाक आनखी थोडं बसकं करा, बाबा. माझ्या जिवनचं नाक असं राणीवानी न्हवतं."

परांचीवर उभ्या असलेल्या आंजेलोबाबांनी मागं न बघता मान हलवली आणि कुंचला पुन्हा गेरूत बुडवला. खाली चुन्याचं घमेलं धरून भिकाबाई उभी होती. हिंगोलीहून सेनगावकडं जाणाऱ्या वाटेवर, बाभळींच्या आड एक जुनं, एवढंसं गिरजाघर होतं. तिथं झाडलोट करायची आणि चुना मळायचा, हे बंजारा तांड्यावरच्या भिकाबाईचं काम. बाबा तिथले पाद्री, मूळचे इटलीचे. पंधरा वर्षांत बोली इथलीच झाली होती, फक्त रागावले की आपल्या मुलखाच्या बोलीत जायचे.

भिंतीवर येशूची आई मरियम निघत होती, पण तोंड जिवनचं. जिवन भिकाबाईची एकुलती एक लेक. सोळाव्या वर्षी हिवतापानं गेली, बाबांच्याच दवाखान्यात. फोटोबिटो कुठला? तांड्यावर कोण काढतंय फोटो! तीन वर्षं झाली होती. अलीकडं डोळे मिटले की पोरीची ओढणी आठवायची, दंडातल्या बांगड्या आठवायच्या, तोंड काही केल्या येईना. आई होऊन लेकराचं तोंड विसरावं, काय जाळायचंय असल्या जिण्याला! शेवटी ती बाबांपुढं रडली. बाबांना तोंड आठवत होतं, आणि हातात चित्रकला होती.

"आमच्या गावच्या देवळात हेच केलंय," ते म्हणाले होते.

ते देऊळ भिकाबाईला हिंगोलीच्या बाजारापेक्षा ओळखीचं झालं होतं, इतक्यांदा बाबांनी ते सांगितलं होतं. डोंगरावरचं, मेंढपाळांनी लोकर विकून बांधलेलं. भूकंपात अर्धं पडलं, तर लोकांनी पडलेला भाग दुसऱ्या खाणीच्या दगडानं उभा केला. म्हणून एक भिंत काळी आणि एक पिवळी. काळ्या भिंतीवर चारशे वर्षांपूर्वीची मरियम, आणि तिचं तोंड गावच्या पाववाल्याच्या पोरीचं. पाववाल्याचा वंश बुडाला, तरी बायका मेणबत्ती लावताना अजून म्हणतात, लुचिया, लक्ष ठेव गं.

"मेली न्हाई ती," बाबा म्हणायचे, "भिंतीत राहायला गेली."

रीतही त्याच देवळातली. आधी ओला गिलावा लावायचा आणि तो वाळायच्या आत रंग द्यायचा. रंग चुन्यात मुरला की मग पावसानंही पुसत नाही. पण गिलावा वाळला की खेळ खलास. त्यात जूनचं ऊन. भिकाबाईनं खिडक्यांना ओली पोती बांधली होती, तरी वारा भट्टीतून आल्यासारखा येत होता. तोंडाचा गिलावा सकाळी लावला होता. कपाळ झालं, गाल झाले, हनुवटीवरचं गोंदण झालं. डोळे तेवढे राहिले होते.

"उघडे काढा, बाबा," भिकाबाई म्हणाली. "मिटलेले मी पाह्यलेत."

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली.

हिंगोलीचा पोलीस अमीन आत आला, पाठोपाठ शिपाई मोहनसिंग. अमीन माणूस वाईट नव्हता. टोपी काढून म्हणाला, "पादरीसाब, चलिए. आपके मुल्क ने अंग्रेज से जंग छेड़ दी. सब इटलीवालों को पकड़ने का हुकूम है."

"अर्धा घंटा द्या, साहेब. चुना ओला आहे."

"चुना?" अमीन चिडला. "गाड़ी निकल जाएगी! सामान लीजिए, बस."

बाबांनी खाली बघितलं. लढाई कधी संपेल, ते कधी परततील, कोणाला ठाऊक? हे तोंड तर सांजेपर्यंत दगड होणार होतं. भिकाबाईला सांगावं लागलं नाही.

"पाच मिनिटांत येतेत, साहेब, झोळी भरून येतेत," ती म्हणाली. "तुमी भाईर सावलीत बसा."

अमीन बाहेर गेला. भिकाबाई त्याच्या मागोमाग गेली, दारात उभी राहिली, घुंगट ओढला, चौकटीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तिनं गळा काढला.

तो ढावलो होता. तांड्यावरची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो. जिवनच्या नशिबी तो आला नाही. आज आईच लेकीचा ढावलो गात होती. बापा, तुझ्या दारची गाय दुसऱ्याच्या दावणीला चालली. याडी, माझे आई, आता तुझी वेणी कोण घालील?

पाच मिनिटं झाली. अमीन उठला. "ए बाई, बाजू हो!"

भिकाबाईनं चौकट सोडली नाही. अमीननं मोहनसिंगला खूण केली. मोहनसिंग जागचा हलला नाही. तोही तांड्यावरचाच.

"साहेब, ढावलो चालू है. बीच में नहीं तोड़ते."

"किसकी शादी है यहाँ?"

मोहनसिंगनं घुंगटाकडं बघितलं, आतल्या भिंतीकडं बघितलं. जिवनला त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. "है किसी की," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

बाप झाला, याडी झाली, भाऊ, काकी, मैतरणी झाल्या. माणसं संपली. गाणं थांबलं की बाबा गेले! मग ती गाईच्या गळ्यात पडली, जात्याच्या पडली, विहिरीच्या, वाटेवरच्या बाभळीच्याही पडली. घसा फाटला. पाठ भिंतीकडं होती, त्यामुळं आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. वळून बघायला जीव तडफडत होता, पण वळली असती तर गाणं तुटलं असतं.

लांबून आगगाडीची शिट्टी आली.

"बस!" अमीननं स्वतः पुढं होऊन तिचा हात चौकटीवरून सोडवला. हळूच सोडवला, पण सोडवला.

बाबा बाहेर आले. बोटं रंगानं माखलेली. डोळ्यांत पाणी.

"एकच झाला, भिकाबाई. दुसऱ्याला चुना रंग घेईना."

मोटार गेली. भिकाबाई आत आली. भिंतीवरून जिवन एका डोळ्यानं तिच्याकडं बघत होती. तोच मिश्किल डोळा. दुसऱ्या जागी नुसता पांढरा चुना. गालावरून हात फिरवावा म्हणून तिनं हात उचलला, पण रंग अजून ओला होता. ती हात मांडीवर घेऊन समोर बसून राहिली.

आठ वर्षांनी, निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरच्या हिवाळ्यात, नवे पाद्री आले. आंजेलोबाबा कैदेतच वारल्याची खबर त्यांनीच आणली. त्या दिवशी भिकाबाईनं चूल पेटवली नाही. नाताळ तोंडावर आला, तशी ती घडवंचीवर चढून चित्राच्या कडेकडेनं भिंतीला चुना देऊ लागली.

"तो दुसरा डोळाही भरून घेऊ," नवे पाद्री म्हणाले. "सिकंदराबादहून पेंटर बोलावतो. हात फार चांगला आहे त्याचा."

"त्यानं जिवनला पाह्यलं व्हतं का?"

"नाही बाई, तो कुठून पाहणार?"

"मंग राहू द्या."

पाद्री निघून गेले. भिकाबाईनं कुंचा चुन्यात बुडवला. शिंतोडे उडत होते. "डोळ्यात जाईल गं," ती पुटपुटली, आणि एका तळव्यानं तो उघडा डोळा झाकून दुसऱ्या हातानं आजूबाजूची भिंत पांढरी करत राहिली.