पाण्याच्या वेळेला पडणारा खटका

मित्रांनो, बदलापूरला कात्रपमधल्या एका बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, दाराच्या वरच्या पेटीत मी राहतो. मी एक जुना खटका आहे. दिवे-पंखे लावणारा नव्हे हं! वीज वाट सोडून ओल्या लाद्यांत किंवा माणसाच्या अंगात शिरू लागली, की मी क्षणात खाली पडतो आणि सगळ्या घराची वीज तोडतो. पण पडणाऱ्याचं कौतुक कोण करणार?

उल्हासनगरच्या दुकानातून भगवंतरावांनी मला आणलं. पहिली काही वर्षं मी नुसता बसून होतो. त्यांच्या पत्नी वेणूताई दर दिवाळीला मला कोरड्या फडक्याने पुसायच्या. मला त्या फार आवडायच्या.

मग मोरीत नळाचं पाणी ओढायची मोटर आली. पाणी सकाळी तासभरच येतं आणि सगळ्या बिल्डिंगच्या मोटरी एकदम सुरू होतात. ज्याची बंद, त्याचं पिंप रिकामं. नेमका तेव्हाच मी पडू लागलो.

"अहो, हा मेला परत पडला! पाणी जाईल ना!" वेणूताई ओरडायच्या.

वायरमन भूपेश आला. त्याने सगळी बटणं बंद केली, मला वर केलं आणि एकेक बटण लावत गेला. पंखे लावले, मी जागेवर. फ्रिज लावला, तरी जागेवर. मोटर लावली आणि मी खाडकन पडलो.

"खटका एकदम बरोबर आहे, भाऊ. मोटर करंट मारते. रिपेरला चार दिवस लागतील."

"चार दिवस पाणी कुठून आणू? तू याला डायरेक्ट करून दे."

"ते मी नाय करणार. कोणाला शॉक बसला तर?"

भूपेश गेला. भगवंतरावांनी मेन बंद करून स्वतःच माझ्या तारा सोडवल्या आणि मला वगळून थेट जोडल्या. चार दिवसांचाच प्रश्न आहे, असं ते म्हणाले. मोटर चालली, पिंपं भरली आणि दुरुस्तीचं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

चार महिन्यांनी एका सकाळी मोटर नुसतीच गुरगुरत होती. वेणूताईंनी ओल्या हाताने ती हलवून पाहिली. मला त्यांची अर्धवट हाक ऐकू आली. पण माझ्यातून वीज जातच नव्हती, मी काय तोडणार? वेणूताई मोरीत कोसळल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत.

तेराव्यानंतर भूपेशने मला परत जोडलं. माझ्या अंगावर तपासणीचं छोटं बटण आहे. भगवंतराव आता दर महिन्याला स्टुलावर चढून ते दाबतात. मी लगेच पडतो. मग ते मला वर करायचं विसरतात आणि तसेच उभे राहतात.

"बाबा, लाईट लावा ना," त्यांची मुलगी राही खालून म्हणते.

"त्या दिवशी का नाही पडलास रे?" ते हळूच मला विचारतात. उत्तर त्यांना ठाऊक आहे. मला बोलता येत नाही, हे बरंच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरचा खटका सारखा पडत असेल, तर वायरमनला बोलवा, दोष शोधा, तोवर ती वस्तू बंद ठेवा. दोन दिवस शेजाऱ्यांकडून पाणी आणा. पण आम्हाला बाजूला काढू नका.