शेगडीजवळची जागा

किलब्रॅक गावात दर रविवारी दुपारी वाद्यं वाजवणारे डिंफ्नाच्या पबमध्ये जमत. शेगडीजवळची कोपऱ्यातली जागा मानाची. तिथे बसलं की भोवती खुर्च्यांचं असं कोंडाळं पडायचं, की बाहेर पडायला सगळ्यांनी गुडघे आवरावे लागत.

चाळीस वर्षं ती जागा नोरीनच्या बापाची, पॅकी हेहिरची. निम्म्या गावाला व्हायोलिन त्यानेच शिकवलं. गेल्या हिवाळ्यात त्याची बोटं थरथरायला लागली, लय सुटू लागली. तेव्हा अकॉर्डियनवाल्या फिंटनने भर पबात तोंड टाकलं, "पुरे आता, पॅकी. आम्हाला मागे ओढतोयस."

म्हातारा उठून गेला, तो परत पबची पायरी चढला नाही. वसंतात मेला. फिंटन अंत्ययात्रेत तेवढं गळा काढून रडला आणि पुढच्याच रविवारी त्या जागेवर जाऊन बसला! नोरीनच्या अंगाचा तिळपापड झाला. याचं नाक कापल्याशिवाय बापासाठी रडायचं नाही, असं तिने ठरवलं.

आज फिंटनची साठी होती. बहिणी, भाचे, सगळा गोतावळा नटूनथटून आला होता. नोरीन आठवडाभर घरोघर फिरली होती. आज सगळ्या वाजवणाऱ्यांनी तारा अर्ध्या सुराने चढवून आणल्या होत्या. बासरीवाला कोलम तर चढ्या सुराची बासरीच मागून घेऊन आला होता. अकॉर्डियनला काही पिळायला खुंट्या नसतात, आणि फिंटनची बोटं तर सवयीची गुलाम.

पॅकीची आवडती गत सुरू झाली, त्याच्याच संथ लयीत. फिंटनने भाता ओढला आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला. भाचे खिदळले.

"कुठल्या सुरात मरताय रे?" तो खेकसला.

"पॅकीच्या," बासरी क्षणभर खाली घेत कोलम म्हणाला. "जमत नाही का तुला?"

फिंटनने बटणं चाचपली. पुन्हा बेसूर. तिसऱ्यांदाही. मग नोरीन व्हायोलिनवरचा गज न थांबवता म्हणाली, "पुरे आता, फिंटन. आम्हाला मागे ओढतोयस."

फिंटनचा चेहरा लालबुंद झाला. अकॉर्डियन उचलून तो उभा राहिला.

"सरका. कोलम, सरक की!"

कोलमने डोळे मिटून बासरी फुंकली. एकही गुडघा हलला नाही.

"बस खाली," नोरीन म्हणाली. "बाबांना आपण पटापट वाट करून दिली होती. तुला नाही मिळायची. बस आणि ऐक."

तो बसला. मिटलेली अकॉर्डियन मांडीवर घेऊन, स्वतःच्या वाढदिवसाला, सगळ्या गोतावळ्यासमोर तो ऐकत राहिला. नोरीनच्या काळजाला असा गारवा कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता.

गत संपत आली तशी तिची नजर स्वतःच्या गुडघ्यांवर गेली. त्या दिवशी बाप उठला, तेव्हा सगळ्यात आधी हेच आवरले गेले होते. थरथरणाऱ्या बापाची तिला लाज वाटली होती.

कुणी थांबायच्या आत तिने तीच गत पुन्हा पहिल्यापासून धरली. आता फिंटनकडे बघायचं धाडस तिला होईना.