सोमवारची तिसरी नळी

मित्रांनो, रक्ततपासणीच्या खोलीतल्या कपाटात, अगदी तळाशी, फुटक्या बरण्यांमागे जो लोखंडी स्टँड पडला आहे ना, तो मी. पुरता गंजलो आहे. पण मला घडवणाऱ्याने ओळंबा धरून माझा कणा सरळ केला होता, तो अजून वाकलेला नाही. माझ्यात रक्ताच्या सहा नळ्या उभ्या राहत.

माझं काम नुसतं उभं राहण्याचं. नळीतल्या लाल पेशी हळूहळू खाली बसतात. अंगात कुठे सूज धुमसत असली की त्या भराभर बसतात. तासाभरात किती मिलिमीटर उतरल्या, तो माझा आकडा. कॅन्सरच्या रोग्यांना ही सूज आतून पोखरते, तिने आयुष्याचे दिवस कमी होतात, असं डॉक्टर सांगत. म्हणून माझ्या आकड्याकडे सगळे डोळे लावून बसत.

आमच्या लॅबच्या ताई वेळेच्या फार पक्क्या. मोठ्या डॉक्टरांनी घाई केली तरी म्हणत, "साहेब, रक्ताला घाई कळत नाही. अजून दहा मिनिटं थांबा." मला त्यांचा अभिमान वाटे, आणि थोडा धाकही.

मग त्यांच्या धाकट्या बहिणीलाच कॅन्सर झाला. दर सोमवारी केमोच्या डोसच्या आधी तिची नळी माझ्या तिसऱ्या खाचेत येई. धाकटी समोरच्या स्टुलावर बसून तासभर तोंडाचा पट्टा चालवी. एरवी ताई कुणाला आत फिरकू देत नसत. मीही सोमवारची वाट पाहू लागलो.

एका सोमवारी तिच्या पेशी भलत्याच वेगाने खाली चालल्या. आकडा चढला तर डोस पुढे जाईल आणि रोगाला मोकळं रान मिळेल, ही ताईंची धास्ती. चाळिसाव्या मिनिटालाच त्यांनी तासाचा आकडा म्हणून पंचेचाळीस असं लिहिलं आणि नळी काढायला हात पुढे केला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

"ताई, तास कुठे झाला?" धाकटी म्हणाली.

"झाला गं."

"खोटं बोललीस की नाक पुसतेस तू. लहानपणापासून."

ताईंनी हात मागे घेतला. उरलेली वीस मिनिटं दोघी नळीकडे पाहत बसल्या. आकडा आला ब्याण्णव. ताईंनी पहिला कागद फाडून टाकला.

डॉक्टरांनी कसून शोधलं तेव्हा पोटात दडलेला पू सापडला. त्या दिवशी डोस दिला असता तर प्रतिकारशक्ती खचून तो पू तिच्या जिवावरच बेतला असता.

पू निघाला, डोस पुन्हा सुरू झाले. आकडा उतरत उतरत बावीसवर आला. पुढच्याच आठवड्यात नवं यंत्र आलं. ते काही मिनिटांत उत्तर देतं, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण मी कपाटात गेलो, ताईंची बदली झाली आणि पुढचं मला कुणीच सांगितलं नाही. सोमवार कधी असतो, तेही आता कळत नाही.

मित्रांनो, घरात कुणी आजारी असेल तर त्याच्याजवळ बसा आणि जे दिसेल ते खरं सांगा. माझा गंज राहू द्या. हे कपाट कधी उघडलंत, तर मला एवढंच सांगा: ती आहे ना?