निरंकचा रकाना

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीत बौद्ध वधू-वर मंडळ चालायचं. दोन हजार आठ साली प्रभावतीनं तिथं मंडळाची वेबसाइट उभी केली. ज्यानं त्यानं आपली माहिती नेट कॅफेत बसून भरायची आणि प्रभावतीच्या प्रोग्रामनं ती वाचून स्थळाचं पान तयार करायचं, असा बेत होता. मंडळाचे अध्यक्ष अप्पाराव तहसीलमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. माणूस कचेरीतून सुटला तरी कचेरी माणसातून सुटत नाही. रकाना मोकळा दिसला की त्यांना चैन पडायचं नाही. काही नसेल तिथं 'निरंक' आलंच पाहिजे, असं त्यांनी फर्मावलं. प्रभावतीनंही प्रोग्रामला तसंच बजावलं: साधा मजकूर सापडला तर छाप, नाहीतर निरंक. रकान्यात मजकुराऐवजी दुसऱ्याच तऱ्हेचं काही भरलेलं असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

पहिलीच गाठभेट ठरली. वाटूरचे तातेराव लेकीला, शिवकन्येला, घेऊन आले. मुलगा बदनापूरचा वसंता, शिलाईचं दुकान असलेला. मंडळानं दोघांनाही एकमेकांची पानं आधीच छापून दिली होती. वसंता काठी टेकत आत आला आणि तातेरावांनी हातातलं पान टेबलावर आपटलं.

"व्यंग, निरंक," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "असं लपवून पोरी पाह्यला येता का?"

"म्या लिवल्तं, काका," वसंता एवढंच म्हणाला. चोरी न करता चोर ठरलेल्याला आवाजही चढवता येत नाही. प्रभावतीला त्याची फार कणव आली.

तिनं त्यानं भरलेली मूळ माहिती उघडली. व्यंगाच्या रकान्यात दोन वेगवेगळ्या नोंदी होत्या: डाव्या पायाला पोलिओ, काठीशिवाय चालता येत नाही. एकाच रकान्यात दोन नोंदी आल्या की त्यांची यादी होते, आणि यादी वाचायला तिनं प्रोग्रामला शिकवलंच नव्हतं. बिचाऱ्यानं एकदाच खरं सांगितलं असतं तर छापून आलं असतं. दोनदा सांगितलं म्हणून खोटा ठरला.

अप्पाराव तिच्या कानाशी वाकले. आत्ता गप्प राहा, मंडळाची अब्रू जाईल, असं पुटपुटले. प्रभावतीला संताप आला. मंडळाला अब्रू आणि या माणसाला नाही? तिनं मॉनिटर सगळ्यांकडे वळवला.

"ह्यांनी बराबर लिवलंय," ती म्हणाली. "चूक माझ्या प्रोग्रामची हाय. एका रकान्यात दोन नोंदी आल्या की तो निरंक छापतो."

तातेरावांनी वाचलं आणि ते मवाळ झाले. पाय आता साऱ्यांना दिसतच होता, पण फसवल्याचा राग उतरला. शिवकन्येचा चेहरा मात्र पांढरा पडला.

"ताई, माझ्याबी पानावर निरंकच आलं का? मीबी दोन लिवल्त्या."

प्रभावतीनं तिची माहिती उघडली. पूर्वविवाहाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: फारकत झाली, पाच वर्षांची मुलगी आहे. वसंताच्या हातातल्या पानावर तिथं निरंक होतं. आता मान खाली घालायची पाळी तातेरावांची होती. शिवकन्या पदर सावरून जायला उठली.

वसंतानं पडद्यावरच्या दोन्ही नोंदी सावकाश वाचल्या. मग काठी भिंतीला टेकवून तो तिच्या समोरच्या खुर्चीवर बसला.

"पोरीचं नाव काय?" त्यानं विचारलं. "तिलाबी आनायचं होतं."