आवाज वर घे

चैत्रातल्या भर दुपारी, लातूरच्या आमच्या क्लासच्या बंद खोलीत, सुमेधा गिटारवर पहिला सूर छेडायची तेव्हा तो कानांआधी तळपायांना कळायचा. फरशीतून वर चढणारी दाट, धुरकट थरथर.

ती भौतिकशास्त्र शिकवायची, मी गणित. रविवारची चाचणी आटोपून वर्ग रिकामे झाले की तिथंच आम्ही दोघी आमच्या दोघींच्याच बँडचा नवा अल्बम ध्वनिमुद्रित करायचो. गिटारींचे थरावर थर, आणि त्यांच्या तळाशी तिचा गाता आवाज, धुक्यातल्या दिव्यासारखा मंद. शब्द कळू नयेत, नुसता भास उरावा, हेच आम्हांला सुंदर वाटे.

ती नेहमी दाराकडे तोंड करून बसायची. भूकंप झाला तेव्हा ती चार वर्षांची होती; एवढंच तिनं सांगितलं होतं, तेही हसत.

त्या दिवशी शेवटचं गाणं वाजवताना तिच्या सुरानं खिडकीचं तावदान थरथरलं, छताचा चुना फळ्यावर भुरभुरला. तिचा चेहरा राखेसारखा झाला. माझं मनगट धरून तिनं मला अनवाणीच अंगणात ओढलं. "भिंत हलून राह्यली गं!"

भिंत स्थिर होती. पण तिच्या बोटांतलं भय माझ्या हाडांत उतरलं; समोरच्या वसतिगृहांचे उंच मजले मला प्रथमच अधांतरी टांगलेले दिसले.

तिचे वडील, अण्णा, तिचा डबा घेऊन अंगणात आले होते. स्लॅबखाली ते कधीच पाऊल टाकत नसत. आम्हांला अनवाणी उभ्या पाहून ते म्हणाले, "ऐकवा की, काय वाजवून राह्यल्या ते."

आम्ही स्पीकर उंबऱ्यावर ठेवला आणि झालेलं मुद्रण लावलं. गिटारी चढत गेल्या, तिचा आवाज बुडत गेला, आणि अण्णा एकाएकी गुडघ्यांवर आले. त्यांनी स्पीकरला कान लावला; हात माती उकरू लागले.

"आवाज वर घे, बाई. खाली हायस तू. अशीच ऐकू येत व्हतीस. तुझी माय बी येत व्हती... मग येईना झाली."

सुमेधानं त्यांचे हात धरले. "मी हितंच हाय, अण्णा."

त्याच संध्याकाळी तिनं गिटारींचे थर एकेक करून उतरवले. मी विरोध केला नाही. अल्बम आला, थोड्यांनीच ऐकला. शेवटच्या गाण्यात तिचा शब्दन् शब्द कळतो, आणि तो कळतो म्हणूनच मला त्याच्या पलीकडच्या शांततेचं भय वाटतं. थांबलेली हाक नेमकी कोणत्या क्षणी थांबली, हे काळ कधीच सांगत नाही; म्हणून स्मरण श्वास रोखून ऐकतच राहतं.